डाव्या गालाची साक्ष

मये, डिचोली
१८ ऑगस्ट २०२३

चि. सौ. पद्मावती हिस,

तुझ्या भावोजींचा आशीर्वाद, आणि त्याच्या मागोमाग नमस्कार. (आशीर्वाद मी वयाने मोठा म्हणून, नमस्कार तुझे उपकार झाले म्हणून. दोन्ही एकाच पाकिटात घातले आहेत, तिकीट एकच लागलं.) पेडण्याला तुम्ही सगळी खुशाल असाल. तुझी कंबर आता कशी आहे? मागच्या वेळी जिना उतरताना तू कठड्याला धरून उतरलीस ते मी पाहिलं होतं, पण तेव्हा तू हसू आवरत होतीस, म्हणून विचारलं नाही. इथे मी बरा आहे. निदान अर्धा तरी फारच बरा आहे. ते पुढे येईलच.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून भावोजी पत्र कसलं लिहितात. फोन आहे, पण तो घरचा आहे, म्हणजे तुझ्या अक्काचा आहे. मी बोलायला लागलो की ती आमटी ढवळायची थांबवते, आणि आमटी थांबली की माझं बोलणंही थांबतं. पत्राचं तसं नाही. चौतीस वर्षं मी या गावात घरोघर टपाल वाटलं. मुंबईहून आलेली, बोटीवरून आलेली, कोर्टातून आलेली पाकिटं माझ्या हातून गेली, पण आत काय आहे ते मी कधी उजेडाला धरूनसुद्धा पाहिलं नाही. बंद पाकीट म्हणजे बंद पाकीट. एवढा विश्वास मला जगात दुसऱ्या कशावरही नाही, आणि स्वस्त वस्तूवर तर मुळीच नव्हता. त्या बाबतीत तू माझे डोळे उघडलेस. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र.

सगळं तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. नाहीतर आभार कशाचे ते पत्रात राहून जाईल. गेल्या वर्षी आषाढात माझ्या छातीत कळ आली, मला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं आणि हृदयाच्या झडपा बदलल्या. सतरा दिवस तुझी अक्का माझ्या खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर बसली होती. (त्या स्टुलाला तीन पाय धड आणि चौथा आखूड. ती झोपेत जरा कलली की स्टूल टक्क वाजायचं आणि ती दचकून आधी माझ्याकडे बघायची.) मी घरी आलो, बरा झालो, पेजेवरून भाकरीवर आणि भाकरीवरून हळूच तळलेल्या बांगड्यावर आलो. पण तिच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं आली ती काही गेली नाहीत. तुमच्या वडिलांनी नाव ठेवलं कमलाक्षी, आणि माझ्यापायी त्या डोळ्यांची ही गत झाली.

हेही मी सोसलं असतं. पण यंदा मे महिन्यात वाड्यावरच्या बायका गणपतीच्या चवथीनंतरच्या फुगडी स्पर्धेसाठी नाव लिहून घ्यायला आल्या, तेव्हा ती नाही म्हणाली. वीस वर्षं आमच्या वाड्याच्या फुगडीत पहिलं गाणं तिचं. गेल्या वर्षी माझ्या आजारपणात राहिलं ते समजण्यासारखं होतं, यंदा का नाही म्हणून बायकांनी धरलं, तर म्हणाली, "हें तोंड घेवन हांव मुखार उबी रावूं?" आणि आत गेली. मी ओसरीवर बसलो होतो. पद्मा, ते वाक्य माझ्या नव्या झडपांतून आरपार गेलं. माझं दुखणं, आणि फुगडी तिची गेली.

मी त्याच आठवड्यात डिचोलीला गेलो. बाजारात नवं मोठं औषधाचं दुकान झालंय, आत थंडगार, तिथे सेजल नावाची मुलगी काउंटरवर असते. डोळ्यांखालचं काळं जायला काय मिळतं, असं विचारलं. कोणाला हवंय, असं तिने विचारलं. आता गावाजवळच्या दुकानात बायकोचं नाव कसं सांगायचं? मलाच हवंय, म्हटलं. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पापणी न हलवता म्हणाली, "अंकल, तुमकां दोन बाटल्यो लागतल्यो." मला त्याचा थोडा राग आला, पण चूक माझीच होती. तिने काढलेली बाटली म्हणजे करंगळीएवढी काच, वर रबरी फुगा, आत पिवळट पाणी. सिरम म्हणतात. चेहरा आणि डोळे दोन्हींना चालतं, वर सोनेरी अक्षरं, आणि किंमत म्हणशील तर त्या भावात पावसाळ्यात दोन मोठे इसवण मासे आले असते, तेही डोक्यासकट. मी दोनच्या जागी एक घेतली आणि बसमध्ये खिशावर हात ठेवून घरी आलो.

घरी आल्यावर मनात आलं. इतकी महाग वस्तू चुकीची निघाली तर? शिवाय लावायची कशी, किती, कधी, काही कळेना. मग मी तुला कार्ड टाकलं. (कार्डावर मजकूर उघडा असतो, म्हणून मी नुसतं 'एका परिचितास डोळ्यांखाली काळे आहे' एवढंच लिहिलं होतं. तू उत्तरात 'त्या परिचितास माझी अक्का म्हणतात का' असं विचारलंस. बाईमाणसाची हुशारी, दुसरं काय.) आणि तू जे सविस्तर लिहिलंस ते मी जपून ठेवलंय. सोनेरी अक्षरांचे पैसे देऊ नका, बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चेहऱ्याला नायसिनामाइड, डोळ्यांखाली कॅफीन, दोन्ही साध्या कंपनीची, वास नसलेली, दोन मिळून चारशेच्या आत बसतील. दोन थेंब, जास्त नाही. आणि सहा आठवडे धीर धरा, आठ दिवसांत गोरं करतो म्हणणारा खोटं बोलतो. हे पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या खात्यात इतकं स्वच्छ परिपत्रक कधी आलं नाही.

मग मी मये ते डिचोली, डिचोली ते म्हापसा, म्हापसा ते पेडणे अशा तीन बसी बदलून तुझ्या घराखालच्या यशवंताच्या औषधाच्या दुकानात आलो. तू मला खतखतें वाढलंस, दोनदा वाढलंस, आणि मी जिना उतरेपर्यंत हसू दाबून ठेवलंस, त्याबद्दलही आभार. (बाहेर पडल्यावर ऐकू आलं.) यशवंताने दोन छोट्या बाटल्या दिल्या, साध्या कागदाच्या खोक्यात. कॅफीन म्हणजे कॉफीतलंच, हे कळल्यावर मला शंका आली. डॉक्टरांनी मला कॉफी बंद केली आहे, ती डोळ्यांखालून आत गेली तर? यशवंताला विचारलं, तर तो म्हणाला, चमच्याने प्यायला नाहीत तर चालेल. असे सभ्य दुकानदार आता राहिले नाहीत.

आता घरात दोन पक्ष झाले. एकीकडे सोनेरी अक्षरं, दुसरीकडे तुझी चारशेच्या आतली जोडी. कमलाक्षीला द्यायचं कोणतं? तुझ्यावर माझा विश्वास होता, स्वस्तावर नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी शिवदासाला विचारलं. (शिवदास म्हणजे माझा जुना सोबती, बसवर कंडक्टर होता, मी बसमधून टपालाची थैली उतरवून घ्यायचो तेव्हापासूनची ओळख.) तो म्हणाला, एवढी भानगड कशाला, देवाक विचार. आणि खरंच, जमिनीचं, लग्नाचं, विहिरीच्या जागेचं सगळं आपण देवाला विचारतो, मग बाटलीचं का नाही? सोमवारी सकाळी देवळात गेलो. भटजींना म्हटलं, दोन औषधांपैकी एक निवडायचं आहे, प्रसाद लावा. औषध कसलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या कानात सांगितलं, आणि दुखणं माझंच आहे असंही सांगितलं. कानात सांगितलेलं कानात राहतं अशी माझी समजूत होती. टपालखात्यात आयुष्य गेलं की माणसाची अशी समजूत होते.

भटजींनी भिजवलेल्या दोन पाकळ्या देवाच्या अंगावर लावल्या, उजवी महाग बाटलीची, डावी स्वस्ताची. जी आधी पडेल ती घ्यायची. मग ते हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत हे मी कसं विसरलो कोण जाणे. सोमवार असल्याने देवळात वीस-पंचवीस माणसं. भटजींचा आवाज तर तुला माहीत आहे, तळ्याच्या पलीकडे ऐकू जातो. "हे देवा म्हाराजा, आज हो तुजो सगुण पोस्टमन तुज्या पांयांकडेन आयला. ताच्या दोळ्यांपोंदा काळें आयलां, तें वचून तोंडाक उजवाड येवपाक खंयची बाटली घेवची, तें तूं दाखय म्हाराजा." आणि सगळ्या देवळाने एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हटलं. शिवदासाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

पाकळी काही पडेना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बघे वाढले. रामरक्षा म्हणायला आलेल्या बायका रामरक्षा सोडून पाकळ्यांकडे बघत बसल्या. शेवटी दोन्ही पाकळ्या एकदम, एका क्षणी सुटून खाली आल्या. भटजींनीही असं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, देव दोन्ही बघून घे म्हणतो.

मी दुपारी घरी पोचलो तर बातमी आधीच पोचली होती. कमलाक्षी दारात उभी. म्हणाली, "ह्या वयात?" एवढंच. आणि आत गेली. आत भांडं पडल्याचा मोठा आवाज आला. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्यासाठी एवढे पैसे कशाला, जा परत देऊन या. म्हणून मी गप्प राहिलो आणि देवाची आज्ञा पाळायला लागलो. दोन्ही बघून घ्यायचं तर एकाच वेळी बघितलं पाहिजे. म्हणून देवाच्या पाकळीप्रमाणे उजव्या गालाला आणि उजव्या डोळ्याखाली महाग, डाव्याला स्वस्त. मधोमध नाक ही हद्द. सहा आठवडे, रोज सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन थेंब. बाटल्या कुठे ठेवल्या होत्या म्हणशील, तर माझी जुनी खाकी टपालाची थैली खुंटीला असते तिच्यात. तिला कोणी हात लावत नाही.

पद्मा, आता निकाल ऐक. महाग बाटली पहिले चार दिवस बरी वागली. मग तिचा स्वभाव बदलला. उजवा गाल तुकतुकीत झाला खरा, पण भलत्याच प्रकारे. पावसात निघालो की त्या बाजूने पाणी आळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळायचं, गालाला चिकटायचंच नाही. चष्मा उजवीकडे घसरायला लागला. मी उजवी काडी धरून चालायचो. न्हाव्याने वस्तरा धरून विचारलं, मास्तर, डोक्याचं तेल तोंडावर कसं आलं? वास मात्र छान, अगदी घरच्यासारखा, कंपनीने तेवढं इमान राखलं. आणि डोळ्याखाली काळं होतं तिथेच. दोन इसवणांचे पैसे पाण्यात गेले असं म्हणवत नाही, कारण पाणी टिकतच नव्हतं.

डावा गाल मात्र काय सांगू. चौथ्या आठवड्यात सुरकुत्या भरल्यासारख्या दिसायला लागल्या. डोळ्याखालची पिशवी, जी माझ्याकडे नोकरीतल्या थैलीपासून आहे, ती निम्मी झाली. शिवदास म्हणतो, डावीकडून बघितलं तर तू पोस्टात लागलास त्या वर्षीचा दिसतोस, उजवीकडून बघितलं तर पेन्शनर. हा माणूस कोणाचं चांगलं बोलत नाही, त्याची साक्ष मी पक्की धरतो. आणि कमलाक्षी, जी जन्मभर मला उजव्या बाजूने वाढत आली, ती गेले पंधरा दिवस पान घेऊन डावीकडे येते.

म्हणून हे आभारपत्र. तू सांगितलं नसतंस तर मी सोनेरी अक्षरांना भुललो असतो आणि त्या माउलीच्या डोळ्यांखाली काय काय चोपडलं असतं देव जाणे. खरं म्हणजे आभार मला दुसऱ्याच कोणाचे मानायचे आहेत, पण ते जमत नाही. बसच्या कंडक्टरला मी 'देव बरें करूं' म्हणतो, मासे देणाऱ्या बाईला म्हणतो, पाव-उंडे घेऊन येणाऱ्या पदेराला रोज सकाळी म्हणतो. घरच्या माणसाला कसं म्हणायचं? सतरा दिवस स्टुलावर बसलेल्या बाईला 'देव बरें करूं' म्हटलं तर तिला वाटेल मी पुन्हा आजारी पडलो. म्हणून ते मी तुला लिहितो. तू ते कुठेतरी ठेव.

सगळ्यांना यथायोग्य सांग. कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेक, आळस करू नकोस.

तुझा भावोजी,
सगुण

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. पुढच्या आयतारी कमलाक्षी तुझ्याकडे येणार आहे. त्याआधी यशवंताकडून त्याच दोन बाटल्यांची नवी जोडी घेऊन ठेव, आणि तिला तुझ्याकडून म्हणून दे. माझं नाव घेऊ नकोस. म्हण, मी लावते, तूही लाव, आणि चवथीनंतर फुगडीला उभी राहा. तुझं ती ऐकेल. स्पर्धेला अजून महिना आहे, तू सांगितलेले सहा आठवडे भरत नाहीत हे मला कळतं, पण डोळ्यांखालचं थोडं जरी उतरलं तरी ती उभी राहील अशी मला आशा आहे. ती उभी राहिली नाही तर मी बरा झालो याला काही अर्थ नाही.

ता. क. दुसरा. फोनवर या विषयावर एक शब्दही नको.

ता. क. तिसरा. पाकिटाचा डिंक धड नाही, म्हणून ते मी शितांनी घट्ट चिकटवतो आहे. पेटीत टाकायला तुझ्या अक्काकडेच देतो, ती बाजारात चाललीच आहे. काळजी करू नकोस. पोस्टमनची बायको आहे, बंद पाकिटाची शिस्त तिला आहे.

---

पद्मा,

हे खालचं अक्षर माझं, ओळखलंस ना. निवृत्त पोस्टमन बायकोकडे शितं मागतो आणि ती पाकिटाला लावताना तिच्याकडे पाठ करून बसतो, तेव्हा त्या पाकिटात काय असणार हे कोणालाही कळेल. ओल्या हाताने नुसतं धरलं तर उघडलं.

मला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खाकी थैली दर शनिवारी मीच झटकते, तुझं ते सविस्तर पत्रही तिच्यातच होतं. गाऱ्हाण्याच्या दिवशी हसू आवरेना म्हणून मी आत पळाले, आणि हातातलं पातेलं पडलं. ती सोनेरी अक्षरांची बाटली मी चौथ्या-पाचव्या दिवशी वास घ्यायला उघडली, हातातून निसटली आणि सगळी सांडली. मी घाबरले. इतकी महाग वस्तू. मग तिच्यात आपलं घरचं खोबरेल भरून ठेवलं, रंग तसाच दिसला. तेव्हा तुझ्या भावोजींच्या उजव्या गालाचा दोष त्या कंपनीचा नाही, माझा आहे. त्यांना सांगू नकोस.

दुसरी गोष्टही सांगू नकोस. ही वर्तुळं बांबोळीची नव्हेत. आपल्या आईची आहेत. आठव, तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहेत, आणि तू आरशात बघ, तुझीही येतायत. पण त्यांना वाटतं ती त्यांच्यामुळे आली. एवढं वाटून घेणारा माणूस आहे, तर वाटू दे.

फुगडीला नाही म्हटलं ते तोंडामुळे नाही. बायकांना काहीतरी सांगायला हवं होतं, ते सांगितलं. सरावाला रोज संध्याकाळी दोन तास जायचं, आणि हे घरी एकटे. पुन्हा कळ आली तर पाणी कोण देणार, या भीतीने वर्षभर मी तळीवरसुद्धा घाईने जाऊन येत होते. पण जो माणूस भर पावसात तीन बसी बदलून पेडण्याला जातो, खतखतें दोनदा वाढून घेतो आणि जिना चढून-उतरून घरी येतो, त्याला दोन तास एकटं ठेवायला मी कशाला भिऊ? गेल्या मंगळवारी नाव दिलं. सराव सुरू आहे. त्यांना सांगितलंय की मी भजनाला जाते.

'देव बरें करूं' वाचलं. त्यांच्या तोंडून ते या जन्मी येणार नाही, पण अक्षर चांगलं आहे.

आयतारी येते. बाटल्या त्यांनी सांगितलंय तशाच दे, मी नवल करीन. आणि स्पर्धेच्या दिवशी तू लवकर येऊन त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत एक खुर्ची धर. अशा बाजूची धर, की गाताना मला त्यांचा डावा गाल दिसेल.

तुझी अक्का